दोराचं टोक

शीट बारा फुटी, बाबांची पिकअप आठ फुटी. दुकानदाराने आधी जुनं दार तिरकं टाकलं, म्हणजे शीट मध्ये वाकणार नाहीत. त्यावर तिन्ही फायबर शीट. पुढचं टोक केबिनवरच्या लोखंडी चौकटीवर, मागे लाल फडकं.

मागच्या खोलीचे पत्रे बाबांनी स्वतः उतरवले, नव्या शीटची मापं दिली आणि चौथ्या दिवशी गेले. तीन आठवडे त्या खोलीवर ताडपत्री आहे. चार वाजता फिटर येणार होता. एक जरी शीट तडकली तरी नवी यायला महिना.

"वहिनी, टोक घेताय ना?" दुकानदाराने विचारलं. आईने खिडकीतून हात बाहेर काढलाच होता.

"काही नको. दोन्ही बाजूंनी दोर पुढच्या हुकांना बांधलेत," मी म्हणाले. "हाताने शीट धरायची नसते, आई. वाऱ्याने हात मोडेल."

"शीट कोण धरतंय?" तिने काच वर घेतली.

मी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. तरी डोक्यावर काहीतरी घुमायला लागलं. थांबले, उतरले, दोर ओढून पाहिले. घट्ट होते. निघाले की पुन्हा घूं घूं. पेट्रोल पंपापाशी थांबले, शाळेच्या भिंतीपाशी, मग पुलाच्या अलीकडे.

"अशी चाललीस तर फिटर जेवून झोपेल."

"वर काय चाललंय ते दिसत नाही ना मला."

"त्यांना तरी कुठे दिसायचं?" आईची बोटं पदराशी चाळा करत होती. "गाठ ते मारायचे, उरलेलं टोक माझ्याकडे. गाठ सरकली की दोर हातातून सरकतो. मी थांब म्हटलं की थांबायचे."

आणि मी इतकी वर्षं समजत होते, बाबा तिला नुसतं सोबतीला नेतात.

मी उतरून तिच्या बाजूचा उरलेला दोर खिडकीतून आत दिला. तिने तो नुसता चिमटीत धरला. "गुंडाळायचा नाही. बोट जातं."

पुलावर वारा आडवा आला. आवाज वाढला, माझा पाय ब्रेककडे गेला.

"चल."

पूल संपला. घुमणं एकदम बंद झालं. मी सुटकेचा श्वास घेतला.

"थांब," आई म्हणाली.

तिच्या बाजूची गाठ सरकली होती. शीटची कड चार बोटं उचलली गेली होती. घुमत होता तो ताणलेला दोर; सैल पडला तसा आवाज थांबला. मी पुन्हा बांधायला लागले. आई खिडकीतून मान काढून पाहत होती.

"त्यांच्यासारखी नाही जमली."

"मग?"

"मग दोन मार."

घरी पोचलो तेव्हा फिटर दारातच घड्याळ बघत उभा होता. मी इंजिन बंद केलं. तिन्ही शीट धड होत्या. आम्ही उतरायच्या आत तो पुढे आला आणि त्याने गाठी सोडल्या. दोर आईच्या हातातून सरकला.

"थांब," ती म्हणाली.

मी ब्रेक दाबला.