पडद्याशिवाय पेडल

“तो नियम काढून टाक ना, दिव्या. एका ओळीचं तर काम आहे,” जयदीप सर म्हणाले. “गिऱ्हाईक खोळंबलंय. काही झालं तर जबाबदारी त्यांची.”

भोसरीच्या त्या कंपनीत दिव्या पॉवर प्रेसचं, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनचं, सॉफ्टवेअर सांभाळायची. सॉफ्टवेअर एकच, पण त्यातून ज्याला जशी हवी तशी मशीन निघायची. कुणाला दोन्ही हातांनी दाबायची बटणं, कुणाला पायाचं पेडल, कुणाला प्रकाशाचा पडदा, म्हणजे हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. कशाबरोबर काय चालेल, काय चालणार नाही, याचे नियम दिव्याच्या ताब्यात. पेडलवर हात मोकळे राहतात, ते प्रेसखाली जाऊ शकतात; म्हणून पडदा नसेल तर पेडल द्यायचं नाही, हा नियम तिनेच घातलेला. चाकणच्या गिऱ्हाइकाला नेमकं तेच हवं होतं. पडद्यामुळे म्हणे माल कमी निघतो.

“मी नाही काढणार, सर.”

सर चिडले नाहीत. चिडायला तरी वेळ हवा. त्यांनी आपल्या जागेवर बसून नियम काढला आणि ते चहाला गेले. दिव्याला वाटलं होतं, आपण अडून बसलो की काहीतरी अडेल. काहीच अडलं नाही.

थेरगावच्या घरी वडील, भीमराज, उजवा पंजा कुरवाळत बसले होते. मधली तीन बोटं प्रेसखाली गेली तेव्हा दिव्या शाळेत होती. ती नसलेली बोटं अजून खाजायची. लहानपणी ती हवेतच खाजवून द्यायची आणि त्यांना खरंच बरं वाटायचं. पुढे ऑफिसात सॉफ्टवेअरमधली एखादी सोय बंद करताना तिला तीच बोटं दिसत. बंद केलेलं काही पुसलं जात नाही, ते आत जागंच राहतं.

तिने घडलं ते सांगितलं आणि शाबासकीची वाट पाहिली.

“तू न्हाई केलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “पर झालंच की. त्या प्रेसवर बसणार कोण हाय?”

तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत असं विचारायचं आपल्याला सुचलंच नाही, याची तिला फार लाज वाटली.

महिनाभराने तीच मशीन चालू करून द्यायला ती चाकणला निघाली, तर भीमराज धुतलेला शर्ट घालून दारात उभे. तिने नको म्हटलं नाही.

शेडमध्ये नव्या प्रेसला हार घातला होता. ज्योतीराम नावाचा तिशीतला ऑपरेटर उदबत्ती ओवाळत होता. ओवाळून झाल्यावर त्याने पेडलवर पाय ठेवून पाहिला.

“लई हलकं हाय, काका. आता बघा, माल कसा पडतोय.”

भीमराजांनी वाटेत बरंच काही ठरवून आणलं असावं. पण त्यांनी नुसता खिशातला उजवा हात काढून पुढे केला.

ज्योतीरामने हसतच तो हातात घेतला, आणि काय धरायचं ते त्याला कळेना.