दोनाचा शून्यावा घात

उत्तरावर लाल रेघ पडली तशी कुसुमची कानशिलं तापली.

लातूरच्या मुलींच्या शाळेत बाईंची जागा निघाली होती. ती मिळाली तर भावाच्या घरी मानानं राहता येणार होतं. नाही तर निलंग्याला जाऊन सासरच्या दारात पुन्हा पोतेरं व्हायचं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. लेखी परीक्षेतली नऊ उत्तरं बरोबर आली. दहावा प्रश्न होता, दोनाचा शून्यावा घात किती? तिनं लिहिलं होतं, एक.

"शून्य," परीक्षक अनंतराव पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले. "दोन एकदाही घेतला नाही, मग हाती काय उरणार? शेंडी?"

शाळेला जमीन देणारे शेषेराव पाटील शेजारी बसले होते. ते खो खो हसले.

कुसुमचा सोमवारचा उपास होता. रागही तिनं पाण्याच्या घोटासारखाच गिळला. "श्रावणात मी दुपटीच्या वाती लावते," ती हळू म्हणाली. "पहिल्या सोमवारी एक, मग दोन, चार, आठ. पहिल्या सोमवारी दुप्पट किती वेळा झाली?"

"एकदाही नाही."

"मग महादेव काय अंधारात बसला होता? त्या दिवशी शून्य वात लावली असती तर जन्मभर दुप्पट करूनही उजेड पडला नसता. आता उलटं चला. आठाचे निम्मे चार, चाराचे दोन. दोनाचं निम्मं तुम्ही सांगा."

अनंतरावांनी पिकदाणी जवळ ओढली.

"एकच की," शेषेराव बोलून गेले. "सुन्य कुठून येईल?"

"परीक्षक कोण, पाटील? तुम्ही का मी?"

"तुमीच की सायेब," म्हणत शेषेराव जोड्यांकडं बघू लागले.

अनंतरावांनी कागद पुढं सरकवला. "देवळातलं देवळात ठेवा, बाई. माझ्या वहीत शून्य आहे. हा एक खोडा, तिथं शून्य लिहा. आत्ता शिफारस देतो."

"आणि पोरींना काय शिकवू?"

"वहीत आहे ते."

कुसुमनं टाक बुडवला आणि एकावर पुन्हा एक गिरवला, इतका दाबून की कागद फाटला. "चूक तुम्हाला कळली आहे," ती म्हणाली. "कळूनही माझ्या हातानं खोडून घेताय. पोरींच्या पाटीवर हे पाप मी लिहिणार नाही."

बाहेर वसंतराव, तिचा भाऊ, टांग्यापाशी उभा होता. तिचा चेहरा बघून म्हणाला, "न्हाई झालं? मग निलंग्याला कळवू का?"

"कळव. कुसुम येत नाही म्हणून कळव. उद्यापासून आपल्या ओसरीवर पोरी शिकायला बसतील."

"कोणाच्या हुकमानं? आन् पोरी देणार कोण तुला?"

"पहिली तू देशील," ती टांग्यात चढत म्हणाली. "तुझ्या विशाखाला सकाळी वेणी घालून पाठव."