तीन सेकंदांचं पदक

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये कृष्णात कांबळे दिल्लीहून रजेवर कसबा बावड्याला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत राणीनं दिलेलं चांदीचं पदक होतं.

दिल्लीत तो एका परदेशी वकिलातीत जनरेटर सांभाळायचा. त्या देशाची राणी भारताच्या दौऱ्यावर आली होती. परत जाताना, दौऱ्यासाठी राबलेल्या दहा-बारा जणांना तिनं स्वतःच्या हातानं पदकं दिली. त्यात बहुतेक साहेब लोक होते, एक स्वयंपाकी होता आणि एक कृष्णात.

घरी रीघ लागली. त्याची बायको शेवंताबाई चहा करून दमली.

"राणीनं मुकुट घातलता काय रं?"

"न्हाय, साधी टोपी हुती."

"आन् बोलली काय?"

"थँक्यू म्हणाली."

लोकांचं तेवढ्यावर समाधान होईना. खरी गोष्ट सांगायला जावं, तर ऐकायला कुणी थांबत नव्हतं. चौथ्या दिवशी पदक खिशात घालून तो गणपतराव मिस्त्रींकडे गेला. गणपतराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. वीस वर्षांपूर्वी कृष्णात इंजिनाचं काम शिकला ते त्यांच्याच हाताखाली.

म्हातारा सोप्यात पंख्याची मोटर उघडून बसला होता. पदकाकडे नजर टाकून त्यानं विचारलं, "कशापायी दिलं?"

"जेवणावळ चालली हुती, मिस्त्री. दोनशे पावणं. आन् लाईट गेली."

"मग?"

"एक नंबरचं जनरेटर खोकलं आन् बसलं. डिझेलच्या नळीत हवा धरलेली."

गणपतरावांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "दोन नंबरचं?"

"ते मी संध्याकाळपास्नं चालूच ठेवलंतं. लोड न देता, नुसतंच फिरत. साहेब म्हणाला, कशाला उगं डिझेल जाळतोस? मी म्हटलं, असूंदे."

"आन् लाईन दोन नंबरवर घ्यायचा खटका हातानं फिरवलास?"

"हातानंच. तीन सेकंद अंधार. राणीचा घास हातातच ऱ्हायला असंल, तेवढंच."

"तीन!" गणपतराव खदखदून हसले. "बयाबाई, भायेर ये. ह्यानं तीन सेकंदात लोड घेतला!"

बयाबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण नवरा एवढा खूश बघून त्यांनी कृष्णातच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

गणपतरावांनी पदक उजेडात धरलं, कडेवरून अंगठा फिरवला. "काम साफ हाय," म्हणाले. मग त्यांनी ते कृष्णातच्या सदऱ्यावर लावलं. जरा वाकडंच लागलं.

कृष्णातनं ते तसंच ठेवलं आणि सायकलवरून बाजारातनं घरी निघाला. उन्हं कलली होती, उसाच्या गाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या. वाटेत चौघांनी त्याला थांबवलं. चौघांनाही त्यानं निवांत, सगळं सांगितलं; सुरुवात जनरेटरपासून केली.