लहान मुलांच्या दफनविधीचं पान

आमच्या मंडळीत अकरा वर्षं एकच पान अडून बसलं होतं. अडवून धरणारा माणूस माझा नवरा, पण टोमणे खायचे मी. बायकोनं काय पाप केलेलं असतं कोण जाणे.

नीट सांगते. तरुणपणी आम्ही दोघं समुद्रापलीकडे मिशनच्या कामाला होतो, नऊ वर्षं. तिथली भाषा इथे आम्हा दोघांशिवाय कुणाला येत नाही. परत आल्यावर आमच्या लुथरन मंडळीनं ठरवलं, की शिकवणीची आणि विधींची पुस्तकं तिकडच्या लोकांच्या भाषेत करून पाठवत राहायची. ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी भाषांतर करायचं, मी टाइप करायचं, बाकीच्यांनी गठ्ठे बांधायचे, पत्ते लिहायचे आणि उरलेल्या वेळात मला सल्ले द्यायचे.

पद्धत अशी, की एखादा भाग पुरा झाला की मास्तरांनी तो उपासनेनंतर मोठ्यानं वाचायचा. मंडळी उभी राहून ऐकणार, शेवटी ‘आमेन’ म्हणणार, भाषा बरोबर आहे म्हणून मी खाली सही करणार, मग पान छापखान्यात. मंडळीला एक अक्षर कळायचं नाही. तरी सुतारकाका दर वेळी डोळे पुसायचे. एकदा मी विचारलं, “काय कळलं हो?” तर म्हणाले, “कळायला कशाला पाहिजे? मास्तरांचा आवाज ऐकला की भरून येतं.” घ्या!

दफनविधीचं पुस्तक होत आलं होतं. फक्त लहान मूल पुरतानाची प्रार्थना राहिली होती. तिकडच्या पाळकाची पत्रावर पत्रं यायची, की आम्ही लेकरं पुरतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही, तेवढं एक पान पाठवा. मास्तर म्हणायचे, “बघू पुढच्या महिन्यात.” का, ते मला ठाऊक होतं. आमची मुलगी, ठकी, तिकडेच पुरलेली आहे. चार वर्षांची होती, तापानं गेली. दवाखाना नदीपलीकडे होता आणि त्या संध्याकाळी नाव आलीच नाही. त्या नावाड्याला मी चाळीस वर्षं शिव्या घातल्या. प्रार्थना करता करता घातल्या, खोटं कशाला बोलू.

मग एका रविवारी सकाळी मास्तर म्हणाले, “पान झालंय.” मी टाइप करायला मागितलं तर देईनात. “आधी वाचतो,” म्हणाले. पान छातीशी धरून बसले. मला वाटलं, वय झालं आता.

मंडळी उभी राहिली. ह्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीला माझ्या लक्षात आलं, की ही प्रार्थना नव्हे. हे ठकीशी बोलत होते.

आधी काहीबाहीच. ओला फ्रॉक बदल, आई रागवेल, असलं. माझ्या मनात आलं, संपलं, बिचाऱ्यांना भ्रम झाला. मग ते म्हणाले, “नाव आली होती गं बाळा. नव्या पुस्तकांचे गठ्ठे भरून काठाला उभी होती. माणसांना जागा नव्हती. गठ्ठे उतरवले असते तर तू बसली असतीस. खालच्या गावचे लोक पुस्तकांची वाट बघत होते. मला वाटलं, ताप सकाळपर्यंत उतरेल. मी नाव जाऊ दिली. तुझ्या आईला सांगितलं, आलीच नाही.”

“आमेन,” मंडळी म्हणाली. सुतारकाकांनी डोळे पुसले.

ह्यांना एवढ्या माणसांत बोलायचं धाडस झालं, कारण कळणारी मी एकटी. घरात, समोरासमोर, आपल्या भाषेत चाळीस वर्षांत जमलं नाही. मेल्या माणसा, ती माझीही मुलगी होती!

तेवढ्यात आमचे पाळक पान आणि पेन घेऊन आले. “काकू, सही करता? तिकडून परवा परत पत्र आलंय. दोन लेकरं गेली म्हणे ह्या महिन्यात. सगळं बरोबर आहे ना?”

सही केली असती तर तिकडे कुणी आपल्या मुलाच्या खड्ड्यापाशी उभं राहून हे वाचलं असतं. नाही म्हटलं असतं तर सगळ्यांसमोर कारण सांगावं लागलं असतं. मास्तर माझ्याकडे बघत होते. मी पानाची घडी घालून पिशवीत टाकली. “चुका आहेत,” म्हटलं. “संध्याकाळी घरी येऊन न्या.”

घरी आल्यावर हे दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले. मी जेवायला वाढलं नाही. मूळ पुस्तक उघडलं आणि टाइपरायटर पुढ्यात ओढला. प्रार्थना अवघी बारा ओळींची. तीन ओळी झाल्या आणि चौथीला अडले. ‘हे लेकरू आम्ही आनंदानं तुझ्या हाती सोपवतो.’ आनंदानं म्हणे! कुणी लिहिलंय हे, त्यानं कधी आपलं मूल पुरलंय का? मी लिहिलं, ‘रडत रडत तुझ्या हाती सोपवतो.’ पुढच्या आठ ओळी सरळ झाल्या. खाली सही केली. तिकडच्या मिशनच्या वरिष्ठांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

संध्याकाळी पाळक आले आणि पान घेऊन गेले. दार लागल्यावर मास्तर उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले.

“अगं,” ते म्हणाले, “मला माफ केलंस का?”

मी टाइपरायटरवर झाकण घातलं.

“पान झालंय,” मी म्हटलं. “ते तिकडच्या लेकरांसाठी केलं. तुमच्यासाठी अजून काही झालेलं नाही.”