मंगळवारचा झटका

हरणाबाईच्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र होतं. दोन वर्षांमागं अ‍ॅटॅक येऊन हृदय कमजोर झालं, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी ते बसवलेलं. ठोके उधळले की झटका देऊन ते ताळ्यावर आणायचं. नवरा त्याआधीच गेलेला. मुलगा मल्हार कोइमतूरला, सोनं गाळायच्या दुकानात. कवठे महांकाळजवळच्या वस्तीवर ती आणि चार शेळ्या.

मंगळवारी दुपारी शेळ्यांना पाला टाकताना छाती धडधडायला लागली. डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि आतून कुणी घण घातल्यासारखं झालं. ती किंचाळून पडली. शुद्धीवर आली तेव्हा शेजारची रंगुबाई लांब उभी होती.

"रंगे, हात दे गं."

"करंट लागंल बाई! मला लेकरं हायती."

रंगुबाईनं पाण्याचा तांब्या काठीनं पुढं सरकवला. हरणाबाई आपली आपणच उठली. मल्हारचा फोन आला तेव्हा "बरी हाय" एवढंच म्हणाली. तिथून तो काय करणार?

शुक्रवारी एसटीनं ती मिरजेला गेली. यंत्र तपासणाऱ्या क्रांतीनं पडद्यावर बघत सांगितलं, "मावशी, मंगळवारी पावणेतीनला ठोके दोनशे वीसवर गेले होते. झटका बसला म्हणून वाचलात. जवळ कोण होतं?"

हरणाबाईनं काठीचंही सांगितलं. क्रांतीनं आपला तळवा हरणाबाईच्या छातीवर, यंत्रावरच ठेवला. "असा हात लावला तर कुणाला काही होत नाही. ऐन झटक्यात धरलं तरी फार तर मुंग्या येतील."

नवरा गेल्यापासून तिला असं कुणी धरलं नव्हतं. हरणाबाईच्या डोळ्यांना धार लागली. क्रांतीला वाटलं, दुखलं. तिनं हात काढून घेतला.

डॉक्टरांनी गोळी वाढवली. संध्याकाळी वस्तीवर येऊन हरणाबाईनं रंगुबाईला सगळं सांगितलं, हात पुढं केला. रंगुबाईनं एक बोट लावलं न लावलं, मागं घेतलं.

"आता न्हाई लागला. पर उद्याचं कुणी सांगावं?" म्हणत ती घराकडं वळली.

हरणाबाईनं शेळ्या आत बांधल्या, गोळी घेतली आणि मल्हारला फोन लावला.

"मंगळवारी मी मरत हुते रं."

"सुट्टी मिळाली की येतो, आये."

"ये. पर आत्ता फोन ठिवू नगंस. बोलू नगंस, नुसता धर."

त्यानं धरला. पलीकडं भट्टी घोंगावत होती. ती ऐकत बसली.