दोघांचं दीड

किसनरावांच्या किडनीला घरात जावयासारखा मान होता. तिच्यासाठी भाजीत मीठ बेतानं पडे, बटाटे चिरून तासभर पाण्यात राहत, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेलेली. आर्णीजवळच्या त्या गावात पाहुणा आला की आधी कपाशीची विचारपूस करी आणि मग किडनीची. साखर तशी नवराबायको दोघांनाही होती. पण पंचफुलाबाईंची साखर म्हणजे नवऱ्याला गोळी देताना आपलीही तोंडात टाकायची, एवढीच. तिची कोणी विचारपूस करत नसे.

दिवाळीआधी आर्णीला तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा सून अपेक्षा हट्टानं सासूलाही घेऊन गेली. दोघांचं रक्त काढलं. किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनीनचा आकडा दोघांचाही सारखाच आला, दीड. किसनरावांचं ते जुनं, ओळखीचं दीड. यवतमाळच्या डॉक्टर मॅडम दर खेपेला म्हणत, दीडवरच टिकलंय, छान आहे. मग काय, घरात पाऊल टाकायच्या आधीच किसनरावांनी अंगणातून निकाल देऊन टाकला.

"जोडीतले दोन्ही बैल सारखे निघाले. तुले काही नाही झालं, माह्याएवढंच हाये."

अपेक्षाचं समाधान झालं नाही. आत्याबाईंनी शिबिरात लघवी तपासायला दिलीच नाही, बाटली हातात धरून एवढ्या माणसांतून कोण जाईल म्हणाल्या, तेव्हा एकदा मॅडमना दाखवून आणू, असं तिचं म्हणणं होतं. सासऱ्यांनी ते हसण्यावारी नेलं. घरात एक पेशंट पुरे, म्हणाले. पंचफुलाबाईही हसल्या आणि बटाटे चिरायला बसल्या.

पुढच्या खेपेला किसनराव नेहमीसारखे एकटेच यवतमाळला गेले. तपासणी झाल्यावर त्यांनी ही दोन दीडांची गंमत मॅडमना सांगितली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बाईंचं वय विचारलं, वजन विचारलं. बारीकच आहे, वाऱ्यानं उडेल एवढी, असं किसनराव म्हणाले.

"मग त्यांचं दीड म्हणजे तुमचं दीड नाही," मॅडम म्हणाल्या. "हा कचरा अंगातल्या स्नायूंतून निघतो. तुमचा देह मोठा, कचरा जास्त. त्यांचा मुळातच कमी. तरीही तो तुमच्याइतकाच साठलाय, म्हणजे त्यांची किडनी तुमच्यापेक्षा बरंच कमी काम करतेय. त्यांच्या पायावर सूज आहे?"

चाळीस वर्षांवर संसार झाला होता आणि बायकोच्या पायावर सूज आहे की नाही, हे किसनरावांना ठाऊक नव्हतं. गुडघ्यासाठी काही घेतात का, या प्रश्नाचं उत्तर मात्र होतं. वेचणीच्या दिवसांत पंचफुलाबाई दुकानातली दुखण्याची गोळी रोज सकाळी घेत. मॅडमनी पेन खाली ठेवलं. ती गोळी किडनीला मारक, आजपासून बंद आणि उद्याच्या उद्या त्यांना घेऊन या, एवढंच त्या म्हणाल्या. मग पुढच्या पेशंटला बोलावता बोलावता थांबल्या. "बायांचं दुखणं आमच्याकडे बरेचदा उशिराच येतं, काका. नवऱ्याची फाईल सांभाळतात आणि स्वतः बाहेर बसतात."

बसमध्ये जागा मिळाली, पण बसवेना. किसनराव उठून दारापर्यंत गेले, परत आले, खिडकी उघडली, लावली. शेजारच्या माणसानं शेवटी विचारलंच, "बाबाजी, सीटमंदी मुंगळे हायेत का?" त्यांनी घरी फोन लावला. अपेक्षानं उचलला. आत्याबाई गोळी घेऊन वेचायला गेल्या, म्हणाली. किसनरावांनी फोन ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा खिशात घातला. कोणाला लावायचा? पंचफुलाबाईंचा फोन शेतात जाताना घरीच असे.

मॅडमचं बोलणं त्यांच्या डोक्यात आत्ता कुठं उतरत होतं. मोठ्या घरात आणि खोपटात संध्याकाळी सारखाच केर साचलेला दिसला, तर खोपटातलाच झाडू झिजला म्हणायचा. एवढी साधी गोष्ट. आणि आपण बैलांची जोडी लावून मोकळे झालो. गाडी प्रत्येक फाट्याला थांबत होती, आणि प्रत्येक थांब्याला त्यांना वाटे की आपण उतरून चालत गेलो तर लवकर पोचू.

फाट्यावर उतरून ते घरी न जाता तडक शेतात गेले. पंचफुलाबाई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. पायात मुलाचे, अमरचे, जुने सैल बूट. काटे लागतात म्हणून त्या अलीकडे तेच घालत, आणि किसनरावांनी एकदा त्यावरून त्यांची थट्टाही केली होती. नवऱ्याला अवेळी शेताच्या धुऱ्यावर पाहून त्यांचा हात बोंडावरच थांबला.

"वाढलं का जी तुमचं?"

"माह्यं दीडच हाये. तुह्यं पाहा लागते. उद्या चाल यवतमाळले."

पंचफुलाबाईंनी पुन्हा वेचायला सुरुवात केली. तुम्हीच तर सांगितलं काही नाही म्हणून, आता काहून पलटता, असं त्यांचं म्हणणं पडलं. वेचणी अर्धी राहिली, बाया मिळत नाहीत, संक्रांतीनंतर पाहू. किसनराव मागं मागं चालत राहिले. त्यांनी केराचं सांगितलं, झाडूचं सांगितलं, शब्द अडखळत होते. त्या ओळ पुढं सरकवत होत्या. शेवटी किसनरावांनी विचारलं, "पायावर सूज हाये का?"

ओळ तिथं थांबली.

घरी आल्यावर अंगणातल्या खाटेवर पंचफुलाबाई बसल्या. बूट किसनरावांनीच काढले. पाय फुगून तकतकीत झाले होते. बोट दाबलं तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. जोडवी मांसात रुतली होती. चांदीची नुसती रेघ दिसत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी कातडी काळवंडली होती.

"कधीपासून?"

पोळ्यापासून, असं त्या म्हणाल्या. शिबिरातल्या नर्सनं पाहिलं होतं. जोडवी कापावी लागतील, दवाखान्यात या, म्हणाली होती. लघवीत काही निघालं तर दवाखान्यात नेतीलच, म्हणून तीही दिली नाही आणि गेल्याही नाहीत.

"कापू दिले असते तं काय झालं असतं व?"

"काय झालं असतं?" पंचफुलाबाई पहिल्यांदाच चिडल्या. "तुमचा जीव तिकडं किडनीत अटकेल हाये, अन् मी नवरा जिता असतानी जोडवे कापू? नाही टिकलं तुमचं दीड तं कोणाले सांगू मी?"

किसनराव त्या चांदीच्या रेघेकडं पाहत राहिले. इतकी वर्षं या घरात त्यांची किडनी सांभाळली जात होती, ती मिठानं आणि बटाट्याच्या पाण्यानं, असं त्यांना वाटत आलं होतं.

सोनाराला बोलावू का, विचारलं तर त्या नाही म्हणाल्या. गावभर होईल. दवाखान्यात परक्या हातानं तर नकोच. अपेक्षा दारात उभी होती, तिनं साबणाचं पाणी आणलं, दोरा गुंडाळून पाहिला, पण पंचफुलाबाई कळवळल्या तेव्हा तिनं सोडून दिलं. किसनराव आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मोटरपंपाच्या वायरी तोडायची पक्कड शोधून त्यांनी ती उकळत्या पाण्यात धरली आणि धोतराच्या सोग्यानं पुसली.

"मी तोडतो," ते म्हणाले. "ज्याच्यासाठी घातले त्यानंच तोडले, तं कोणाचं काय जाते? अन् सकाळच्या गाडीनं आपण दोघं. फाईल तुह्यी."

पंचफुलाबाईंनी लुगडं घोट्याच्या वर सारून घेतलं. मग उद्या कापूस मोजून घ्यायला अमरला सांगा, एवढं म्हणाल्या.

किसनरावांनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला. पकडीचं टोक चांदीखाली घालताना कातडीला लागलं, रक्ताचा थेंब आला. त्यांनी डोळे मिटून दाबलं. बारीकसा कट्ट आवाज झाला.

पंचफुलाबाईंनी पायाकडं पाहिलंच नाही. त्या नवऱ्याच्या तोंडाकडं पाहत होत्या, जोडवं तुटल्यावर तो बरा आहे की नाही ते. किसनराव घामेजले होते, पण श्वास चालू होता. ते खात्रीनं पाहून घेतल्यावर त्यांनी दुसरा पाय पुढं केला.