भरपगारी आई

नव्या नियमानं आईला भरपगारी रजा मिळाली, तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "माझं काय चुकलं?"

आई गाद्यांच्या कारखान्यात कडा शिवते. म्हणजे गावाला आडवं करून स्वतः बसून राहिलेली बाई. घरी झोपायचा पगार देतात, हे तिला पटेचना.

"गोड बोलून काढतायत. परत जाईन तर माझ्या मशीनवर दुसरंच कुणीतरी."

"आई, कायदा आहे."

"कायद्याला कडा शिवता येतात का?"

रजेच्या पहिल्याच सकाळी ती डब्यासकट गायब. मी धावत कारखान्यावर गेलो, तर फाटकात वॉचमनकाका तिला आडवे आलेले.

"वहिनी, रजेवरच्या माणसाला आत सोडलं तर माझी नोकरी जाईल."

"नुसतं बघून येते."

"बघणं हे कामच आहे. मी तेवढंच करतो."

इतक्यात आतून पहिलवान आला. हा एरवी गाद्या ट्रकात चढवतो. आज त्याला आईच्या मशीनवर बसवलंय, म्हणाला. ते ऐकून आईचा चेहरा पडला. त्याचा आधीच पडलेला होता.

"मावशी, मशीन हलेना. सगळे म्हणतात, तुम्ही त्याला शिव्या घालता. मी एक घालून पाहिली. मलाच वाईट वाटलं."

मी आईच्या कानाशी लागलो. "सांगू नकोस. गुपित तुझं तोवर खुर्ची तुझी."

आई त्याच्या बोटाकडे बघत होती. सुई लागून चिंधी बांधली होती.

"साहेब काय म्हणाले?"

"संध्याकाळपर्यंत चाललं नाही, तर..." उरलेलं वाक्य त्यानं गिळलं. एवढ्या देहात ते कुठं गेलं, कळलंही नाही.

आईनं डबा त्याच्या हातात ठेवला. "शिव्या कसल्या रे! हलकी थाप मारायची आणि म्हणायचं, चल गं बाये, आटप, घरी पोरगं वाट बघतंय."

मी दाढीवरून हात फिरवला. पोरगं म्हणजे मीच.

"पण माझं लग्नच झालं नाही, मावशी."

"मग माझंच सांग. तिच्या ओळखीचं आहे."

तो आत गेला. थोड्या वेळानं मशीनची टरटर सुरू झाली. आईनं डोळे मिटून घेतले. गेली खुर्ची.

पहिलवान धावत बाहेर आला. "चाललं! पण लवकर या हां. मला आपल्या गाद्याच बऱ्या. आणि तिनं विचारलं, तुम्ही कुठं गेलात, तर काय सांगू?"

आईनं डोळे उघडले.

"सांग, रजेवर आहे. भरपगारी. परत येतेय म्हणावं."

घरी येऊन तिनं गादीची कड चाचपली, "तिरकी शिवलीय कुणा मेल्यानं," म्हणाली आणि भर दुपारी गाढ झोपली.

मी उशाशी बसून ती उठायची वाट बघत राहिलो. मला सवय आहे.